वेबसाइटवरचा ईमेल आयडी स्पॅमवाल्यांपासून कसा राखायचा? दुकानदार, उद्योजक आणि संस्थांसाठी सविस्तर माहिती

बेळगाव : सरकारी वेबसाइटवर एखाद्या अधिकाऱ्याचा ईमेल आयडी शोधायला गेलं की तो बऱ्याचदा सरळ लिहिलेला सापडत नाही. @ या चिन्हाच्या जागी चौकटी कंसात ‘ॲट’ आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’ असे इंग्रजी शब्द असतात. साइट कर्नाटकची असो, महाराष्ट्राची असो की केंद्र सरकारची, ही पद्धत सगळीकडे दिसते. अनेकजण तो आयडी तसाच कॉपी करून मेल पाठवतात, मेल परत येतो आणि ‘साइटवर चुकीचा पत्ता दिलाय’ म्हणून वैतागतात. पत्ता चुकीचा नसतो, मुद्दाम मोडून लिहिलेला असतो. कंसातले शब्द काढून तिथं @ आणि टिंब घातलं, मध्ये जागा सोडली नाही, की मेल बरोबर पोचतो.

एवढा उपद्व्याप कशासाठी? तर वेबसाइटवरचे पत्ते वेचणाऱ्या प्रोग्रामना चुकवण्यासाठी. सरकारी खात्यांना पत्ते लपवून ठेवता येत नाहीत. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची यादी स्वतःहून जाहीर करावी लागते. म्हणून पत्ता द्यायचा, पण यंत्राला चटकन कळणार नाही असा द्यायचा, हा मधला मार्ग आहे.

हाच प्रश्न आता उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यापुढे, निपाणीच्या व्यापाऱ्यापुढे, शहापूरच्या साडी दुकानदारापुढे आणि गावोगावच्या शाळा, वाचनालयं, पतसंस्थांपुढेही आहे. वेबसाइट केली की ‘संपर्क’ पानावर ईमेल आयडी टाकला जातो आणि काही दिवसांत नको ते मेल सुरू होतात.

पत्ते वेचले कसे जातात?

कुणी माणूस बसून पत्ते उतरवून घेत नाही. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला ‘हार्वेस्टर’ म्हणतात, म्हणजे पीक काढणारा. गुगलचा प्रोग्राम जसा एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंक धरून फिरतो, तसाच हाही फिरतो. फक्त तो मजकूर वाचत नाही. मध्ये @, अलीकडे काही अक्षरं, पलीकडे काही अक्षरं आणि एक टिंब, एवढा आकार दिसला की ते उचलून यादीत टाकतो. एका रात्रीत हजारो पानं चाळून होतात. मग या याद्या विकल्या जातात, एकातून दुसरी तयार होते आणि आपला पत्ता कुठल्या कुठे पोचतो.

पान डोळ्यांना कसं दिसतं याच्याशी या प्रोग्रामला काही देणंघेणं नसतं, तो पानामागचा कोड वाचतो. त्यामुळे पानावर फक्त ‘आम्हाला लिहा’ असं बटण असलं, पण त्यामागे मेल उघडणारी थेट लिंक असली, तर आयडी त्या लिंकमध्ये उघडाच असतो. बटण केलं म्हणजे पत्ता लपला, असं होत नाही.

हा त्रास इंटरनेटपेक्षाही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या नेटवर्कवरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी जाहिरातीचा मेल पाठवला. तो पहिला स्पॅम मानला जातो. ‘स्पॅम’ हे मूळचं डबाबंद मांसाच्या एका ब्रँडचं नाव. ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात स्पॅमच स्पॅम असल्याचा प्रवेश गाजला आणि नको असताना पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या मेलना तेच नाव चिकटलं. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगातल्या एकूण ईमेलपैकी सुमारे ४७ टक्के स्पॅम होते.

नुकसान कुणाचं?

‘आला मेल तर पुसून टाकायचा, त्यात काय?’ असं बरेचजण म्हणतात. हिशेब मांडला तर तोटा तीन ठिकाणी दिसतो.

पहिला तोटा खऱ्या मेलचा. रोज शंभर फालतू मेल येऊ लागले की त्यात पुण्याच्या गिऱ्हाइकाची चौकशी किंवा परदेशातल्या कंपनीनं मागितलेलं कोटेशन दबून जातं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं कधी खरा मेलच स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडतो. जीमेलमध्ये त्या कप्प्यातले मेल ३० दिवसांनी आपोआप पुसले जातात. महिनाभर तिकडं बघितलं नाही, तर ऑर्डर आली होती हेही कळत नाही.

दुसरा तोटा जागेचा. जीमेलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा मिळते, तीही फोटो आणि ड्राइव्हमध्ये वाटून. ती भरली की नवे मेल येणं थांबतं आणि पाठवणाऱ्याला मेल परत जातो. समोरच्याला वाटतं, ही कंपनी बंद झाली.

तिसरा तोटा सगळ्यात मोठा. वेचलेल्या पत्त्यावर नुसत्या जाहिराती येत नाहीत. नेहमीच्या पुरवठादाराच्या नावानं ‘आमचं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचं पेमेंट खालच्या खात्यात करा’ असा मेल येतो. पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडं असतं. वेबसाइटवर मालकाचं नाव, हिशेबनिसाचं नाव आणि दोघांचे आयडी शेजारी शेजारी असले, की कुणाच्या नावानं कुणाला लिहायचं हे ठगाला आयतंच मिळतं. अमेरिकेत एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात व्यावसायिक ईमेलच्या आडून झालेल्या फसवणुकीच्या ज्या तक्रारी आल्या, त्यातील नुकसान २९० कोटी डॉलरच्या वर होतं.

प्रयोगात काय दिसलं?

अमेरिकेतील सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी या संस्थेनं यावर एक साधा प्रयोग केला. शेकडो नवे ईमेल आयडी तयार केले आणि प्रत्येक आयडी एकाच ठिकाणी वापरला. काही वेबसाइटवर ठेवले, काही खरेदीच्या साइटवर दिले, काही इतरत्र. सहा महिने मेल मोजले आणि मार्च २००३ मध्ये अहवाल दिला. आलेल्या स्पॅमपैकी ९७ टक्क्यांहून अधिक मेल सार्वजनिक वेबसाइटवर उघडे ठेवलेल्या पत्त्यांवर आले होते. पत्ता मोडून किंवा सांकेतिक क्रमांकांत लिहिला होता, तिथं स्पॅम आला नाही. साइटवरून पत्ता काढून टाकल्यावर मेलचं प्रमाण कमी झालं, हेही दिसलं.

अर्थात या प्रयोगाला दोन दशकं उलटून गेली. आजचे हार्वेस्टर ‘ॲट’ आणि ‘डॉट’ ओळखून पत्ता जोडू शकतात. चित्रातली अक्षरं वाचणारे प्रोग्रामही मोफत मिळतात. म्हणून एकाच युक्तीवर विसंबून चालत नाही. तरीही कुलूप तोडणाऱ्यापेक्षा उघडं दार बघणारे चोर जास्त असतात, हे इथंही लागू पडतं. ज्या प्रोग्रामला कोट्यवधी उघडे पत्ते मिळतात, तो अवघड पत्त्यापाशी वेळ घालवत नाही.

उपाय आणि त्यांची दुसरी बाजू

मोडून लिहिणं : सर्वात सोपा, बिनखर्चाचा उपाय. छोट्या संस्थेला पुरेसा. पण पाहणाऱ्याला हातानं टाइप करावं लागतं, मोबाइलवर एका टचमध्ये मेल उघडत नाही. शेजारी ‘कंसातील शब्दाऐवजी चिन्ह घालावे’ अशी ओळ जरूर द्यावी.

सीमाभागात काही जण पूर्ण पत्ताच मराठी किंवा कन्नड अक्षरांत लिहितात. यंत्र चुकतं हे खरं, पण माणूसही चुकतो. बेळगाव हेच नाव घ्या. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकनं शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, तेव्हापासून इंग्रजीत जुनं आणि नवं अशी दोन्ही स्पेलिंग वापरात आहेत. मराठीत लिहिलेल्या आयडीत ‘बेळगाव’ असलं तर कुठलं स्पेलिंग टाकायचं, हे कोल्हापूरच्या किंवा मुंबईच्या माणसाला कसं कळणार? म्हणून आयडीची मूळ अक्षरं इंग्रजीच ठेवावीत, मोडायची ती फक्त चिन्हं.

सांकेतिक क्रमांक : संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो, @ चा क्रमांक ६४. कोडमध्ये अक्षरांऐवजी क्रमांक लिहिले तर ब्राउझर ते अक्षर म्हणूनच दाखवतो, लिंकही चालते. वर्डप्रेसवर केलेल्या साइटसाठी हे काम करणारी सोय वर्डप्रेसमध्येच आहे, वेबसाइट करणाऱ्याला सांगितलं तर पाच मिनिटांचं काम. पण क्रमांक उलगडणंही यंत्राला सोपं जातं. नुसत्या उघड्या पत्त्यापेक्षा बरं, एवढंच.

जावास्क्रिप्ट : पत्त्याचे तुकडे वेगवेगळे ठेवायचे आणि पान उघडल्यावर किंवा बटण दाबल्यावरच ते जोडायचे. साधे हार्वेस्टर पानावरची स्क्रिप्ट चालवत नाहीत, त्यामुळे त्यांना पत्ता मिळत नाही. माणसाला मात्र नेहमीसारखी लिंक मिळते. क्लाउडफ्लेअर ही सेवा मोफत योजनेतही असं संरक्षण देते, मात्र त्यासाठी साइट त्या सेवेमार्फत चालवावी लागते. व्यापारी साइटला हा उपाय सर्वात सोयीचा.

चित्र : पत्त्याचा फोटो लावणं पूर्वी लोकप्रिय होतं. आज ते टाळलेलं बरं. दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असतात आणि त्या प्रोग्रामला साध्या चित्रातली अक्षरं मिळत नाहीत. फोटोखाली पर्यायी मजकूर म्हणून तोच पत्ता लिहिला तर मग लपवलं काय? इथं रोगापेक्षा इलाज जालीम ठरतो.

संपर्क फॉर्म : पत्ता न देता नाव, फोन, मजकूर भरायची चौकट द्यायची. मेल आपल्या खात्यात येतो, पण पत्ता पानावर नसतो. फॉर्म करताना एक तपासावं, मेल कुठल्या पत्त्यावर जाणार ते कोडमध्ये उघडं नसावं, ते सर्व्हरवर राहावं. फॉर्म भरणारे बॉटही असतात. त्यांच्यासाठी कॅप्चा लावता येतो, किंवा माणसाला न दिसणारी एक रिकामी चौकट ठेवता येते. बॉट ती भरतो आणि पकडला जातो. फॉर्मची अडचण एकच, मोठे खरेदीदार ड्रॉइंग आणि ऑर्डर थेट मेलवरच पाठवतात. नुसता फॉर्म असला तर काहीजण पुढच्या कंपनीकडे जातात.

बाहेरचा पत्ता वेगळा, आतला वेगळा

वरचे सगळे उपाय पत्ता वेचला जाणं लांबवतात, कायमचं थांबवत नाहीत. धंद्याला पत्ता जाहीर केल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा कुठला पत्ता जाहीर करायचा, हे ठरवणं जास्त महत्त्वाचं.

वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड आणि जाहिरातींसाठी एकच आयडी ठेवावा. त्यावर फक्त चौकशी यावी. बँक, जीएसटी, आयकर, पगार आणि पुरवठादारांची बिलं यासाठी दुसरा आयडी असावा, तो कुठंही छापू नये. उद्या पहिला आयडी स्पॅमनं भरला तर तो बदलता येतो, बँकेचं काम अडत नाही. आणखी एक फायदा म्हणजे बँकेच्या किंवा जीएसटीच्या नावानं मेल जाहीर आयडीवर आला, तर तो खोटा हे उघडायच्या आधीच कळतं. कारण तो आयडी बँकेला दिलेलाच नसतो.

जीमेलमध्ये यासाठी एक सोपी सोय आहे. आपल्या आयडीत @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडला तरी मेल त्याच खात्यात येतो. वेबसाइटवर ‘वेब’ आणि प्रदर्शनात ‘स्टॉल’ असा शब्द जोडला, तर पत्ता कुठून फुटला ते समजतं आणि त्या शब्दाला फिल्टर लावता येतो.

संस्थांनी व्यक्तीच्या नावाऐवजी पदाच्या नावानं आयडी करावेत. सचिव बदलले तरी पत्ता तोच राहतो आणि कुणाचा वैयक्तिक आयडी जगजाहीर होत नाही. ‘संचालक मंडळ’ या पानावर फोटो, पद आणि नाव पुरेसं आहे. प्रत्येकाचा मोबाइल आणि ईमेल टाकायची गरज नसते.

हमखास विसरल्या जाणाऱ्या जागा

सीमाभागात अनेक साइट मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत असतात. इंग्रजी पानावर पत्ता झाकला आणि बाकी दोन पानांवर उघडा राहिला, तर केलेलं सगळं वाया. पानाच्या तळाला असलेला पत्ताही बघावा, तो प्रत्येक पानावर असतो.

दुसरी जागा पीडीएफ. वार्षिक अहवाल, सभासद यादी, स्पर्धेचं परिपत्रक, टेंडर सूचना हे सगळं पीडीएफ करून साइटवर चढवलं जातं. त्यातली अक्षरं यंत्र वाचतं. सभासदांच्या ईमेल आणि फोनसह यादी साइटवर टाकणं म्हणजे त्यांच्या वतीनं त्यांचे पत्ते वाटून टाकणं. यादी सभासदांना थेट द्यावी, साइटवर फक्त नावं ठेवावीत.

तिसरी जागा जुनं डोमेन. शहराचं नाव बदलल्यावर ज्यांनी नव्या स्पेलिंगचं डोमेन घेतलं असेल, त्यांनी जुन्याचं नूतनीकरण एकदम बंद करू नये. मुदत संपलेलं डोमेन कुणीही घेऊ शकतं आणि जुन्या पत्त्यावर येणारे मेल त्याच्या हाती पडू शकतात. जुनी गिऱ्हाइकं आणि सरकारी कागद वर्षानुवर्षं जुन्याच पत्त्यावर लिहितात.

आपला पत्ता कुठं कुठं उघडा आहे ते शोधायला गुगलवर तो अवतरणचिन्हांत लिहून बघावा. स्वतःच्या साइटवरून काढल्यावरही व्यापारी यादीच्या साइट आणि जुनी पीडीएफ त्यात दिसतात. त्यांना काढायला सांगता येतं.

पत्ता आधीच फुटला असेल तर

अनोळखी स्पॅममधल्या ‘यादीतून काढा’ या लिंकवर टिचकी मारू नये, त्यातून पत्ता चालू आहे हे समोरच्याला कळतं. ओळखीच्या कंपनीचा मेल असेल तर गोष्ट वेगळी. स्पॅम पुसण्याऐवजी ‘स्पॅम’ म्हणून खूण करावी, फिल्टर त्यातून शिकतो. आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा चाळावा. मेलमधली चित्रं आपोआप उघडणार नाहीत अशी सेटिंग करावी.

ज्यांचं स्वतःचं डोमेन आहे त्यांनी वेबसाइटवाल्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी केल्या आहेत का, हे विचारावं. आपल्या नावानं दुसऱ्यानं मेल पाठवला तर समोरच्याच्या सर्व्हरला तो खोटा असल्याचं या नोंदींमुळे कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना गुगलनं या नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. लहान उद्योजकांवर सक्ती नसली तरी नोंदी असल्या की आपलं कोटेशन स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते.

आणि पक्का नियम एक : खातं बदलल्याचा मेल आला की पैसे पाठवण्याआधी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

कायदा काय म्हणतो?

फोन आणि एसएमएससाठी ‘ट्राय’चा डीएनडी आहे, ईमेलला तो लागू नाही. त्रासदायक ईमेलचा उल्लेख माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये होता, पण ते संपूर्ण कलम सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही एक मेख आहे. जी वैयक्तिक माहिती माणसानं स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे आपणच वेबसाइटवर टाकलेला आयडी कुणी उचलला, तर या कायद्याचा आधार धरता येत नाही. काळजी आपणच घ्यायची.

फसवणूक झाली तर मात्र कायदा आहे. संगणकाच्या साहाय्यानं दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवल्यास कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हा केंद्राचा कायदा, नदीच्या अलीकडं पलीकडं सारखाच. दुकान निपाणीत, बँक खातं कोल्हापुरात आणि ठग तिसऱ्याच राज्यात असला तर तक्रार कुठं करायची, हा सीमाभागातला नेहमीचा गोंधळ. त्यात वेळ घालवू नये. १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर दोन्ही राज्यांत चालतो, केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवायचे तर पहिले काही तास महत्त्वाचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं तर हे कलम दाखवावं. मूळ मेल पुसू नये, त्याचा फक्त स्क्रीनशॉट पुरत नाही. मेल कुठून आला याची नोंद मूळ मेलमध्येच असते.

थोडक्यात

जाहीर आयडी एक, व्यवहाराचा आयडी वेगळा. जाहीर आयडी जावास्क्रिप्टनं किंवा मोडून लिहिलेला, सोबत संपर्क फॉर्म. तिन्ही भाषांची पानं आणि पीडीएफ तपासलेली. डोमेनच्या तिन्ही नोंदी केलेल्या. आठवड्याला एकदा स्पॅमच्या कप्प्यावर नजर. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. वेबसाइटचं वार्षिक नूतनीकरण करताना वेबसाइटवाल्याला हीच यादी दाखवली, तर एका बैठकीत काम होतं.